तळ्याची प्रदक्षिणा

वाटेत देव दिसला आणि प्रभावतीबाई हात न जोडता पुढे गेल्या, असं निशिगंधानं जन्मात पाहिलं नव्हतं. त्यामुळे जपानी आल्प्समधल्या त्या उंचावरच्या तळ्यापाशी पोचताच आई बूट-मोजे काढून काठावर उभी राहिली, याचं तिला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते आईच्या डोळ्यांत आलेल्या पाण्याचं.

"निशा, अगं बघ तरी! साक्षात पिंडी."

तळ्याच्या मधोमध एक काळाभोर खडक पाण्यातून वर आला होता. माथा गोल, गुळगुळीत, जणू शतकानुशतकं कुणी त्यावर धार धरली असावी. भोवती निश्चल पाणी आणि पाण्यावर लाल-पिवळ्या पानांचा सडा. काठाशी एक हातभर उंचीचं लाकडी देऊळ होतं, त्याच्यापुढे रंग उडालेली छोटी कमान.

"आई, इथे ड्रॅगन आहे," केन म्हणाला. बायकोकडून शिकलेलं मराठी तो एकेक शब्द तोलून बोलायचा. "पाण्याचा देव."

"असू दे की हो केनराव. नागच तो. महादेवाच्या गळ्यात नाही तर आणखी कुठे असणार?"

केन मनापासून हसला. जावयाला 'केनराव' म्हणणारी सासू ते राहत त्या अख्ख्या कावासाकी शहरात त्याला एकट्यालाच मिळालेली होती आणि त्याचा त्याला अभिमान होता. निशिगंधा आणि तो त्सुकुबाच्या विद्यापीठात भेटले, तेव्हा याच प्रभावतीबाई फोनवर आठवडाभर बोलल्या नव्हत्या. आता त्या पहिल्यांदा लेकीकडे आलेल्या होत्या, आणि दशम्या-चटणीचा डबा जावयाच्या पिशवीत स्वतःच्या हातानं भरून घेऊन डोंगर चढलेल्या होत्या. माणसाला देव असा हळूहळू पिकवतो.

देवळाजवळच्या बाकावर दशम्या झाल्या. चहा झाला. मग आईनं पदर खोचला, म्हणजे त्या दिवशी सलवार-कुडता होता म्हणून ओढणी खोचली, आणि म्हणाली, "मी प्रदक्षिणा घालून येते. ओजू, येतेस आजीबरोबर?"

ओजस्वी दुसरीतली पोर. ती टुणकन उठलीच.

केननं आधी आभाळाकडे पाहिलं, मग वाटेकडे. तळ्याभोवती एकच पायवाट होती. डाव्या अंगानं दलदलीवर टाकलेल्या लाकडी फळ्यांची, सोपी. पार पलीकडच्या टोकाला, जिथून तळ्याचं पाणी बाहेर पडून खाली उडी घेत होतं, तिथे लहानसा पूल. पुलापलीकडून एक वाट खालच्या दुसऱ्याच दरीत उतरायची, आणि तळ्याची वाट उजव्या काठानं, मोठमोठ्या खडकांवरून परत इथे यायची.

"मी जातो बरोबर," तो म्हणाला.

"राहू दे रे," निशिगंधा म्हणाली. "आई रोज पर्वती चढते. आणि तू गेलास की ओजू सगळा वेळ तुझ्याशी जपानीत बोलत बसेल. जाऊ दे की दोघींना एकदा."

केननं मान हलवली, पण त्याच्या कपाळावरची आठी गेली नाही. "मग त्यांना नीट सांग. गोल फिरून इथेच यायचं. पुलापाशी खाली उतरणारी वाट घ्यायची नाही. उशीर झाला तर मी उलट बाजूनं निघेन, म्हणजे समोरासमोर भेटूच."

निशिगंधानं ते आईला सांगितलं. आईनं "हो गं बाई" म्हणत ऐकलं, अर्धं लक्ष पिंडीकडे. मग नातीला म्हणाली, "आणि हे बघ, प्रदक्षिणेत बोलायचं नाही हं. मनात फक्त नाव घ्यायचं."

"गेम?" ओजस्वीनं विचारलं.

"हो, गेमच. जी आधी बोलेल ती हरली."

ओठांवर बोट ठेवून पोर आजीच्या मागे निघाली. फळ्यांवर दोघींची पावलं टपटप वाजली, आणि झाडांच्या वळणाआड गेली.

धुकं आलं ते कुठल्या बाजूनं आलं हेसुद्धा कळलं नाही. पिंडी होती, आणि नव्हती. पलीकडचा काठ होता, आणि नव्हता. बघता बघता दहा पावलांवरचं देऊळही पांढऱ्यात बुडालं आणि हवेत असा गारठा शिरला की निशिगंधानं हातातला चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरला.

"मी निघतो," केन उठून म्हणाला. पिशवी पाठीला लावताना तिला बांधलेली घंटा खणखणली. या डोंगरात अस्वलं आहेत. माणूस येतोय हे त्यांना आधी कळावं म्हणून इथे प्रत्येकाच्या पिशवीला घंटा असते. "उजवीकडून जातो. तू इथून हलू नकोस. काहीही झालं तरी हलू नकोस."

घंटा खडकांवरून उड्या मारत लांब गेली. मग तीही ऐकू येईना.

एकटं बसलेलं माणूस आणि धुकं, यांची मैत्री बरी नव्हे. पांढऱ्यात नाही नाही ती चित्रं उमटायला लागली. फळ्या ओल्या होत्या. आईचे बूट नवे होते. ओजूचा कोट पातळ होता. शेवटची बस चुकली तर? आणि बस कसली, त्या दोघी... निशिगंधानं तो विचार जिभेवरून परत गिळला. तिनं फोन काढला. रेंज नव्हती. येताना थोडं वर, वाटेच्या वळणावर, फोन वाजला होता हे तिला आठवलं. तिथे जाऊन डोंगराखालच्या बसथांब्यावरच्या माणसांना कळवून तरी ठेवावं. दोन मिनिटांचं काम.

ती उठली. वर चढली. फोन हवेत धरून इकडे वळली, तिकडे वळली. एक काडी यायची, जायची. नंबर लागला, कुणीतरी "मोशी मोशी" म्हणालं आणि आवाज तुटला. पुन्हा लावला. पुन्हा तुटला. शेवटी ती खाली बाकापाशी परतली. मांडलेला सगळा पसारा तसाच होता. कुणी आलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं घंटा ऐकू आली. डावीकडून! फळ्यांवरून! म्हणजे भेटले तिघं, आणि केन त्यांना सोप्या बाजूनं घेऊन येतोय. निशिगंधाचा जीव असा भांड्यात पडला की ती उभ्या उभ्या हसलीच. "आई! ओजू!" म्हणत ती फळ्यांच्या तोंडाशी धावली.

धुक्यातून केन बाहेर आला. एकटा.

"आल्या?" त्यानंच विचारलं.

 त्याचा श्वास फुलला होता आणि पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती. तो तळ्याला पूर्ण वळसा घालून आला होता. उजवा काठ, पूल, डावा काठ. वाट एकच. आणि त्या वाटेवर त्याला कुणीही भेटलं नव्हतं.

"हाका मारल्यास?"

"सगळीकडे. पुलाजवळ पाण्याचा आवाज फार आहे, तिथे काहीच ऐकू येत नाही." त्यानं ओठ आवळले. "निशी, दोनच गोष्टी असू शकतात."

त्यातली एक त्यानं उच्चारली नाही. दोघांनीही तळ्याकडे बघायचं टाळलं.

"पुलापलीकडे ती खाली उतरणारी वाट आहे," तो घाईघाईनं म्हणाला. "धुक्यात तिलाच तळ्याची वाट समजून उतरल्या असतील. मी त्या दरीत जातो. टॉर्च मी नेतो. तू बसथांब्यापर्यंत खाली जा, पोलिसांना फोन कर."

तो वळलाही. आणि तो वळला त्या क्षणी निशिगंधाच्या मनात आलं, आई खाली उतरली असेल? पूल ओलांडून?

लहानपणी विठ्ठलमंदिराच्या सभामंडपात आईच्या मांडीवर डोकं ठेवून तिनं किती कीर्तनं अर्धवट झोपेत ऐकली होती. बुवांची टाळी, पेटीचा सूर, मधेच खसखस पिकायची. डोळे मिटलेले असले तरी पोरांचे कान जागे असतात. ते बुवा जाडजूड होते, घामानं उपरणं भिजायचं, आणि गंधर्वाची गोष्ट सांगताना ते एका पायावर उभं राहून दाखवायचे. शंकराचं निर्माल्य त्या गंधर्वानं नकळत ओलांडलं आणि त्याची आकाशात उडण्याची शक्तीच गेली! "अहो, गंधर्वाची गेली," बुवा खाली वाकून म्हणायचे, "तर तुमच्या-आमच्या गुडघ्यांचं काय होईल?" आणि बायका हसायच्या, पण दुसऱ्या दिवशी महादेवाच्या देवळात आई लेकीचा दंड धरून पन्हळीशी थांबवायची. "ओलांडायचं नाही हं. मागे फिर."

"केन!" ती ओरडली. "थांब. आई पूल ओलांडणार नाही."

"म्हणजे?"

"तिच्या दृष्टीनं ही पिंडी आहे. शंकराला आपण पूर्ण गोल फिरत नाही. अभिषेकाचं पाणी जिथून बाहेर जातं ना, तिथपर्यंत जायचं, ते पाणी ओलांडायचं नाही. तिथून मागे वळायचं, आल्या वाटेनं परत यायचं. मग दुसऱ्या बाजूनं पुन्हा त्या पाण्यापर्यंत जायचं, आणि परत."

"हे तू आत्ता सांगतेयस?"

"मला आत्ता आठवलं!" तिचा आवाज चिरकला. "तू म्हणालास गोल फिरून या, मी म्हटलं गोल फिरून या. ती हो म्हणाली. तिच्या दृष्टीनं हाच गोल."

केन खाली बसला. ओल्या मातीत त्यानं बोटानं तळं काढलं, एका टोकाला पाणी जाण्याची रेघ ओढली. बोट डाव्या काठानं रेघेपर्यंत गेलं आणि मागे फिरलं. दुसऱ्या हाताचं बोट, म्हणजे तो स्वतः, त्याच वेळी उजवीकडून निघालं. एक बोट पुढे, दुसरं त्याच्या मागे मागे. भेटणारच नाहीत अशी.

"पण मग," तो सावकाश म्हणाला, "त्या इथून गेल्या असणार. याच बाकासमोरून. मी पलीकडच्या काठाला असताना." त्यानं मान वर केली. "तू होतीस ना इथे?"

हो म्हणणं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर तो उठून दरीत गेला असता, टॉर्च घेऊन, नसलेल्या माणसांना शोधत, आणि कुणी तिला बोल लावला नसता. 

"नव्हते," ती म्हणाली. "मी वर गेले होते. फोन लावायला. तू नको म्हणालास तरी."

 केनच्या चेहऱ्यावर काय आलं आणि काय गेलं, ते धुक्यानंच झाकलं म्हणायचं. देव कधी कधी अशीही लाज राखतो.

"आईंनी रिकामा बाक बघून हाक मारली नसती?"

"प्रदक्षिणेत बोलत नाहीत."

"ओजू?"

"तिला गेम जिंकायचा होता."

"निशी." त्यानं तिचे दोन्ही खांदे धरले. "तुझं चुकत असेल, तर प्रत्येक मिनिटाला त्या आणखी खाली जातायत. अंधार पडायला फार वेळ नाही. नक्की सांग. नक्की?"

नक्की! आईबद्दल काय नक्की सांगायचं? सोळा तास विमानं बदलत एकटी आलेली बाई. विमानतळावर उतरल्यावर आधी पाऊल कुठलं टाकलं हे आठवून सांगणारी बाई. पण एक गोष्ट निशिगंधाला हाताच्या रेषांसारखी ठाऊक होती. आई घाबरेल, थकेल, भिजेल, पण ते पाणी विनाकारण ओलांडणार नाही.

"नक्की," ती म्हणाली. "उजवीकडे चल."

उजवा काठ म्हणजे नुसते खडक. म्हशींचा कळप पाण्याकाठी बसावा तसे. प्रत्येकावर शेवाळ, आणि मधल्या फटींत काळोख. केन पुढे, घंटा मुठीत दाबून, म्हणजे दुसरा कुठला आवाज आला तर कळेल. निशिगंधा मागे, कधी दोन पायांवर, कधी चार. "आई! ओजू!" धुकं हाक घ्यायचं आणि परत द्यायचं नाही. एका खडकावरून पाय निसटला, नडगी सोलवटली. तिला ते कळलंही नाही. मनात आपोआप नाव चालू झालं होतं. इतकी वर्षं ऑफिसच्या गाडीत, मीटिंगांत, कचऱ्याच्या वेगवेगळ्या पिशव्या भरताना कधी न आठवलेलं नाव, श्वासागणिक.

पाण्याचा आवाज वाढत गेला. घोंघावू लागला. आता केनची पाठसुद्धा हाक मारून थांबवता आली नसती. पूल जवळ आला होता आणि काठावर कुणी नव्हतं.

कुणी नव्हतं.

केन थांबला. वळून त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि ती नजर निशिगंधा जन्मभर विसरणार नाही. तिच्यात राग नव्हता. त्यापेक्षा वाईट, दया होती.

आणि तेवढ्यात त्याच्या गुडघ्यापाशी, दोन खडकांच्या मधून, एक छोटा हात वर आला आणि त्यानं त्याची पँट ओढली.

"पापा," हाताची मालकीण जपानीत ओरडली, "आजी हरली. आजी आधी बोलली."

खडकांच्या आडोशाला, खालच्या सपाट दगडावर प्रभावतीबाई बसल्या होत्या. एक पाय लांब केलेला, घोटा सुजून टम्म. अंगावरची लोकरी शाल सगळी नातीभोवती गुंडाळलेली, आणि स्वतः नुसत्या कुडत्यावर, ओठ निळसर.

"आलात होय?" त्या म्हणाल्या. म्हणजे ओठ तसे हलले. शब्द पाण्यानं नेले. निशिगंधा खाली उतरली ती जवळजवळ पडलीच, आणि तिनं एका हातानं लेकीला, एका हातानं आईला असं आवळलं की दोघी एकदमच ओरडल्या.

"केवढ्यानं हाका मारल्या गं मी," आई तिच्या कानाशी म्हणाली. "पाय घसरला तशी मारल्या. हे पाणी बोलूच देत नाही."

"काय जीव घेतेस का माझा!" निशिगंधा रडत ओरडली. "सांगून जायचं की नाही? आम्ही तुम्हाला तळ्यात... आम्हाला वाटलं..."

"चुकलं माझं," आई लगेच म्हणाली. "अगदी चुकलं. मला वाटलं तुला ठाऊकच आहे."

निशिगंधाला ठाऊकच होतं.

केननं घोटा चाचपला, आपलं जाकीट काढून सासूबाईंच्या खांद्यावर टाकलं आणि भोवती बघितलं. उजेड विझत चालला होता. आल्या खडकांवरून जखमी माणसाला नेणं अशक्य होतं. पूल ओलांडला की पलीकडे सोप्या, सपाट फळ्या, थेट बाकापर्यंत. त्यानं पुलाकडे बोट केलं.

आईनं त्या पांढऱ्या, धडाडत जाणाऱ्या पाण्याकडे पाहिलं.

"आई," निशिगंधा दात आवळून म्हणाली, "आता तू जर मला नियम सांगितलास ना..."

"अगं, ऐकून तर घे! मध्ये लाकूड, पान, दगड, गवत काहीही असलं की ओलांडायला दोष नाही. बुवा सांगायचे की. हा लाकडाचाच पूल आहे."

निशिगंधा उसळली. "मग मघाशीच का नाही ओलांडलास? तेव्हा काय लोखंडाचा होता?"

"तेव्हा पायांत बळ होतं," आई म्हणाली. "सवलत अडलेल्याला असते, निशा. आळशाला नसते."

केननं त्यांच्यासमोर गुडघा टेकला आणि पाठ केली. "आई, या. पाठीवर."

आणि इतका वेळ न डगमगलेल्या प्रभावतीबाई एकदम मागे सरकल्या. "शिव शिव! जावयाच्या पाठीवर? ज्याचे पाय धुवायचे, त्याच्या पाठीवर पाय टाकून बसू? मी सरपटत येईन, पण हे नाही."

"आई, अंधार पडतोय!"

"पडू दे. जावयाच्या पाठीला कुठल्याच बुवांनी सवलत सांगितलेली नाही."

केन तसाच गुडघ्यावर होता. मघापासूनचं मायलेकींचं बोलणं त्याला किती कळलं होतं कोण जाणे. त्यानं मान थोडी वळवली आणि प्रत्येक शब्द जागेवर ठेवत म्हणाला, "आई, मी पण लाकूड. चालेल?"

प्रभावतीबाई त्याच्या भिजलेल्या पाठीकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा असा काही हलला की त्या हसतायत की रडतायत हे निशिगंधाला कळेना. मग त्यांनी दोन्ही हात जोडले, ते पिंडीकडे वळून की जावयाकडे, तेही कळलं नाही, आणि त्याच्या गळ्यात हात टाकले.

पूल अरुंद होता, ओला होता, आणि पावलागणिक थरथरत होता. केन एकेक पाऊल तपासून टाकत होता. मागे निशिगंधा, तिच्या हातात ओजस्वीचा हात. फळ्यांच्या फटींतून खाली पांढरं पाणी धावताना दिसत होतं, आणि तिकडे बघायचं नाही, पुढच्या पाठीकडेच बघायचं, असं ती स्वतःला बजावत होती.

"ममा," ओजस्वी म्हणाली, "इताई."

दुखतंय. निशिगंधानं ऐकलं. पण पलीकडच्या मातीला पाय लागेपर्यंत तिनं मूठ सैल केली नाही.